कमलक्कांची गच्ची आणि आमची तार

आम्ही रेडिओवर बोलतो ते आठ सेकंद. समोरच्याचं कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं अक्षरी नाव, आपलं कॉलसाईन, दोन आकडे, थँक यू, पुढचा! एवढ्यात किस्सा कसला घडणार? पण ते आठ सेकंद बोलता यावं म्हणून तीन शहाणी माणसं आठ-आठ दिवस गच्चीवर तारा ओढतात, बांबू उभे करतात, भांडतात, चहा पितात, परत भांडतात. किस्से साठतात ते तिथे. माझा नवरा म्हणतो, "तुमच्या क्लबचं लॉगबुक अर्धं कोरं, आणि गप्पा मात्र सात जन्म पुरतील एवढ्या!" माणूस खोटं बोलत नाही.

क्लब म्हणजे आम्ही तिघंच. अप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. वय चौऱ्याहत्तर, आणि नियम म्हणजे नियम! बसूचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. उंच काही दिसलं की तो आधी चप्पल काढतो आणि मग विचार करतो. तिसरी मी, वैशाली. धारवाडला शाळेत गणित शिकवते. तिघांनीही सरकारी परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी रेडिओचं, लायसन्स काढलंय. लायसन्स आहे, रेडिओ आहे, हौस तर भरपूर आहे. नव्हती ती जागा.

अप्पा मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. बसूच्या घरावर पत्रे. मी एकदा आमच्या सोसायटीत बाल्कनीतून हातभर तार बाहेर काढली, तर सेक्रेटरी स्वतः जिना चढून आले. "मॅडम, गणिताच्या टीचर ना तुम्ही? मग हे काय हेरगिरीचं?"

शेवटी माझ्या घरापासून बसने तासाभरावर, केशवापूरच्या कमलक्कांनी गच्ची दिली. वर एक छोटी खोलीपण. कमलक्का सत्तरीच्या, घरात एकट्याच. त्यांचं मराठी कानडीत बुडवून काढलेलं आणि माझं कानडी मराठीत. त्यामुळे आमचं छान जमतं. गेल्या वर्षी त्यांचा बंगळुरूचा मुलगा म्हणाला की पूर्ण गच्चीवर सोलर बसवायचं, अँटेना काढून टाका. मुलाचं काही चुकत नव्हतं. ऊन केशवापूरच्या गच्चीवर पडणार नाही तर कुठे पडणार? माप घ्यायला सोलरवाला सोमवारी येणार होता. नेमकी त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी आमची वर्षातली मोठी कॉन्टेस्ट. दोन दिवसांत जगभरातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं!

कमलक्का म्हणाल्या, "रविवार संध्याकाळपर्यंत बघते. मग लेकाला सांगते, हो का नाही."

काय बघणार ते सांगितलं नाही. गच्ची गेली की तिघांनी लायसन्सला फ्रेम करून भिंतीवर टांगायचं, एवढंच उरणार होतं. मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशोब करायला लागले, आतापर्यंत त्यांनी आमचं काय काय बघितलंय? आणि माझा धीरच सुटला. कारण त्यांनी जे बघितलं होतं ते असं.

•

सुरुवात बांबूपासून. अँटेनाची तार मधे उंच आणि दोन बाजूंना उतरती बांधायची असते, तंबूसारखी. मधे उंच म्हणजे बांबू हवा. बसू म्हणाला, "बांबू घ्यायचा तर अळणावरचा! इथले काय, काठ्या आहेत." गेला, आणि टेम्पोत घालून तीन लांबलचक बांबू, काथ्याची दोन बंडलं आणि एक मडकं घेऊन आला. मडकं त्याच्या बायकोने सांगितलं होतं, पाण्यासाठी.

आता टेम्पो कमलक्कांच्या दारात उभा. बसू बांबू उतरवतोय. अप्पा पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून, मान खाली घालून काथ्याची गाठ सोडवतायत. मी बाजूला गप्प उभी, कारण बस लागून माझं डोकं दुखत होतं.

पाच मिनिटांत गल्ली जमली. समोरच्या काकूंनी टीव्ही बंद केला. एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून हात जोडले. कमलक्का डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या, आणि बसूला हळूच म्हणाल्या, "यारु होद्रु?" म्हणजे कोण गेलं?

बसूला काहीच कळलं नाही. तो घाम पुसत म्हणाला, "कोण नाही अजून. पण अप्पांना घाई आहे, अंधाराच्या आत वर पोचायचं म्हणतायत!"

•

मग बेल. कमलक्कांच्या दाराला बिनतारी बेल आहे. दाबली की चिमणी चिवचिवते. अप्पांनी पहिल्या दिवशी माईकचं बटण दाबलं, आणि खाली चिमणी चिवचिवली. कमलक्कांनी दार उघडलं. कोणी नाही. आत जाऊन बसतात तो परत चिवचिव. परत उठल्या. असं दुपारभर! आमच्या रेडिओच्या लहरी त्यांच्या बेलमध्ये शिरत होत्या, आणि आम्हाला वर पत्ताच नाही. आम्ही आपले खुशीत, की आज काय मस्त स्टेशनं मिळतायत!

संध्याकाळी अप्पा खाली उतरले. हातात लॉगबुक, छाती पुढे. "कमलक्का, आज एकोणीस देश-परदेशचे लोक मिळाले!"

कमलक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "एकोणीस? मी चव्वेचाळीस वेळा दार उघडलं. बाकीचे पंचवीस कुठे गेले?"

अप्पा नियमाचे पक्के. तिथेच उभं राहून त्यांनी लॉग तपासला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पंचवीस वेळा बोलावलं, पण कोणी उत्तर दिलं नाही."

"मलापण!" कमलक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बसूने बेलच्या आणि रेडिओच्या वायरीवर काळ्या चुंबकासारख्या रिंगा चढवल्या. चिमणी गप्प झाली. तेव्हापासून अप्पा कुणालाही आकडा सांगताना आधी कमलक्का आसपास आहेत का बघतात.

•

साडीचा किस्सा अप्पांसमोर काढायचा नाही. ते आहेत का इथे? नाहीत ना? मग ऐका.

आमच्याकडे एक मीटर आहे. रेडिओतली ताकद अँटेनातून बाहेर जाते की अर्धी तोंडावर परत येते, ते हा मीटर दाखवतो. काटा जेवढा डावीकडे तेवढं बरं. बसूने तार कापली होती, आणि काटा काही डावीकडे येईना. अप्पांनी केबल बदलली. इथल्याच लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून नवे कनेक्टर आणले, ते सोल्डर केले. काटा तिथेच. अप्पांचं म्हणणं बसूने तार आखूड कापली. बसूचं म्हणणं अप्पांच्या टेपचं पहिलं इंच झिजलंय. दोन दिवस एकमेकांशी बोलणं बंद. निरोप मी पोचवायचे!

तिसऱ्या दिवशी सकाळी काटा आपोआप डावीकडे! अगदी कडेला! अप्पा म्हणाले, "माझं सोल्डरिंग." बसू म्हणाला, "माझी गाठ." दोघांनी हात मिळवले, चहा झाला. मी मधली माणूस म्हणून मलाही दोन बिस्किटं जास्त मिळाली.

मग मी सहज बाहेर गेले. अँटेनाच्या तारेच्या खालच्या टोकाला कमलक्कांची ओली इरकल साडी वाळत घातलेली!

अप्पांनी ती दोन बोटांनी काढली. मी आत मीटर बघत होते. काटा सरळ उजवीकडे. साडी घातली, डावीकडे. काढली, उजवीकडे. तार आखूडच होती. ओल्या साडीने ती लांब असल्यासारखी वागायला लागली होती. बसू छताकडे बघून शीळ घालायला लागला.

शहाण्या माणसाने तार जोडली असती. पण जोडायची तार माझ्या घरी, धारवाडला, आणि जपान ऐकू येत होतं आत्ता, या मिनिटाला. अप्पांनी साडी परत घातली आणि आत जाऊन हाक मारायला लागले. साडी ओली होती तोवर तीन स्टेशनं मिळाली. ऊन चढलं, साडी वाळली, काटा परत उजवीकडे निघाला.

कमलक्का साडी न्यायला वर आल्या तेव्हा बसू बादली घेऊन त्यांच्या वाळलेल्या साडीवर तांब्याने पाणी ओतत होता. अप्पा आतून ओरडत होते, "अजून थोडं! पदराकडे!"

कमलक्कांनी साडी काढली, पिळली आणि ओलीच खाली नेली. ते मला लागलं. धारवाडला परत जाताना बसमध्ये मी दोनदा म्हटलं, गेली गच्ची!

•

पुढचा मूर्खपणा पूर्णपणे माझा. माझा आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जातो, पण माईक पुढे आला की मी मांजर. पहिल्या कॉन्टेस्टमध्ये एका इंडोनेशियाच्या माणसाने मला उत्तर दिलं. कॉन्टेस्टमध्ये दोघांनी एकमेकांना आवाज कसा येतोय त्याचा रिपोर्ट द्यायचा असतो. सगळ्यात चांगला आवाज म्हणजे फाइव्ह नाईन. त्याने मला फाइव्ह नाईन दिलं. मी शिक्षिका! मी नीट कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "तुमचा आवाज बारीक आहे. मधे खरखर आहे. थ्री थ्री देते. जरा सुधारा."

मग त्याने घाबरून दोनदा विचारलं, नंबर नक्की का?

अप्पा कपाळाला हात लावून बसले. "अगं, कॉन्टेस्टमध्ये सगळ्यांना फाइव्ह नाईनच द्यायचं! नीट ऐकू येवो न येवो! टाईप करायला वेळ जात नाही, कॉम्प्युटर आपोआप भरतो!"

"पण मला त्याचं कॉलसाईनपण धड ऐकू आलं नाही."

"मग म्हण, फाइव्ह नाईन, कॉलसाईन परत सांगा!"

कमलक्का जिन्यात लसूण सोलत बसल्या होत्या. हे सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे दिवसभर तुम्ही जगाशी बरी सुळ्ळु बोलता? सगळं खोटं?"

मी म्हटलं, "कमलक्का, लग्नात जेवून निघताना आपण काय म्हणतो? जेवण मस्त झालं. भात कच्चा असला तरी."

त्यांनी विचार केला. "पण टीचर, तू म्हणत नाहीस ना. माझ्या नातीच्या लग्नात तू आचाऱ्याला जाऊन सांगितलंस भात कच्चा आहे म्हणून."

खरं आहे. सांगितलं होतं.

•

आता उलटं झालंय. आठ सेकंदांची सवय अशी लागलीय की घरीदारी चालते. कॉन्टेस्टच्या आदल्या आठवड्यात सोलापूरहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मी भाजी ढवळता ढवळता बोलले, "बरी आहे, पाऊस नाही, आईचा बीपी ठीक, थँक यू," आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी तिने माझ्या नवऱ्याला फोन केला. "भाऊजी, ताई माझ्यावर कशाने चिडलीय?"

नवरा म्हणाला, "चिडली नाही गं. लॉगमध्ये चढलीस तू. आता रविवारपर्यंत परत फोन केलास तर डुप्लिकेट धरेल, एकाच स्टेशनशी दोनदा बोललेलं मोजत नाहीत!"

•

आली ती कॉन्टेस्ट. शनिवार.

कॉन्टेस्ट खेळायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे बाजारात फिरल्यासारखं फिरायचं. डायल फिरवत जायचं, जो हाक मारतोय त्याला गाठायचं, पुढे जायचं. दुसरी म्हणजे आपलं दुकान मांडायचं. एका जागी बसून आपण हाक मारायची आणि लोकांनी आपल्याकडे यायचं. दुकानात गिऱ्हाईक जास्त, पण दुकान सोडून हलायचं नाही. हाक मारणं थांबलं की जागा गेली.

बसूने हे आपल्या भाषेत समजून घेतलं होतं. "म्हणजे एसटीत सीटवर रुमाल टाकल्यासारखं!" शनिवारी दुपारी अप्पा जेवायला खाली गेले आणि रुमाल सांभाळायला बसूला बसवलं. बसू इमानाने हाक मारत होता. मधे त्याला शिंक आली. एक नाही, सात. सात शिंकांनंतर बघतो तर आमच्या जागेवर कोणी रशियन मोठ्याने हाका मारत बसलेला.

अप्पा हात धुऊन आले. "काय झालं?"

बसू म्हणाला, "अप्पा, त्याने आपला रुमाल खिडकीतून बाहेर टाकला हो!"

त्यावर अप्पा हसले, हे नवल. पण संध्याकाळी गच्चीला कुलूप लावताना कोणीच हसत नव्हतं. कमलक्कांचा फोन वाजला होता. मुलगा विचारत होता, काय ठरलं? त्या एवढंच म्हणाल्या, "नाळे." उद्या.

•

रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर अप्पा खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "बस. आता तू दुकान मांडायचंस."

"मी नको अप्पा. मी बाजारात फिरते ना, माझं बरं चाललंय."

"बँड उघडलाय, लांबची स्टेशनं येतायत. माझे कान दमलेत. बसूला शिंका येतायत. बस म्हटलं की बस."

बसले. बटणाऐवजी आता आमच्याकडे माईक चालू करायला पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल आहे. पाय दाबला की आपण बोलायचं, पाय उचलला की ऐकायचं. दाबलं, हाक मारली, उचललं. काही नाही. परत दाबलं, हाक मारली, उचललं.

आणि अख्खं जपान अंगावर आलं!

तीस-चाळीस माणसं, सगळी एकाच वेळी आपापलं कॉलसाईन सांगतायत. भारतातून कमी लोक कॉन्टेस्टमध्ये बोलतात, म्हणून आमचा भाव जरा वर असतो. अप्पांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर मोठा करून ठेवलेला. मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "परत सांगा." सगळ्यांनी परत सांगितलं, अजून मोठ्याने. एक अक्षर कळलं नाही.

"एक अक्षर पकड!" अप्पा मागून. "कुठलंही एक! 'के' ऐकू आला तर म्हण, फक्त के वाले बोला!"

"सगळी अक्षरं एकदमच ऐकू येतायत अप्पा!"

"वर्गात पोरं ओरडली तर काय करतेस?"

"डस्टर आपटते!"

बसूने खरोखर इकडे तिकडे डस्टर शोधला.

तेवढ्यात दारात कमलक्का. एका हातात गिरमिटाचं, म्हणजे इकडच्या भेळेचं, ताट, दुसऱ्या हातात फोन. फोनवर मुलगा. उत्तर मागत होता, आत्ता, कारण सोलरवाल्याला सकाळी साडेसातला निघायचं होतं. कमलक्कांचा चेहरा बघून मला कळलं, सांगायलाच वर आल्यात. नको तेच सांगायला. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि स्पीकरकडे बघितलं.

"यव्वा! हे कोण ओरडतायत एवढे?"

"जपानचे लोक, कमलक्का."

"काय पाहिजे त्यांना?"

"आपल्याशी बोलायचंय."

"आपल्याशी? इथे, केशवापूरला?"

"हो. सगळ्यांनाच. पण मला एकही समजेना हो!" माझा आवाज रडवेला झाला होता, खोटं कशाला सांगू. शेवटची दुपार, एवढी माणसं दारात, आणि मला एकाला आत घेता येईना.

आमच्या गल्लीत, म्हणजे त्यांच्या गल्लीत, पाण्याचा टँकर आला की पाईपशी कोण उभं राहतं ते मी बघितलंय. कमलक्का. हातात काही नसतं. नुसत्या उभ्या राहतात, मग मधे कोणी घुसत नाही.

त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या. मी दचकले, आणि घाबरून माझा पाय पेडलवर घट्ट दाबला गेला. लायसन्स नसलेल्या माणसाने माईकवर बोलायचं नाही, हा अप्पांचा पहिला नियम. सरकारचापण. मला पाय उचलायचा होता. पाय उचलेना.

कमलक्का माईकमध्ये ओरडल्या, "ए! ओब्बोब्रे माताड्री!"

एकेकाने बोला!

मी पाय उचलला. स्पीकरमध्ये चिडीचूप. नुसती हवा. एक सेकंद, दोन सेकंद. बसूच्या हातातलं गिरमिट हातात. अप्पांनी पेडलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बराच वेळ छताकडे बघितलं.

आणि एक आवाज आला. एकटा. सावकाश, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून. मी लिहिलं, रिपोर्ट दिला, थँक यू म्हटलं. क्षणभर थांबून दुसरा आला, एकटा. मग तिसरा. मग एक बाई. कोणी कोणाच्या मधे बोललं नाही!

अप्पा छताकडे बघतच म्हणाले, "थांबू नकोस. पुढचा घे."

कमलक्का कमरेवर हात ठेवून माझ्या मागे उभ्या होत्या. पंधरा झाले, वीस झाले, चहाची वेळ टळून गेली. फोनमधून बारीक आवाज येत होता, "अव्वा? हॅलो? अव्वा!" त्यांनी फोन कानाला लावला आणि कानडीत, एका दमात सांगून टाकलं.

"त्या सोलरवाल्याला म्हणावं, उद्या येऊ नको. इथे माणसं रांगेत उभी आहेत."